गाडी सुरू होत नाही? दोष शोधताना आधी काय बघायचं, नंतर काय

गाडी सुरू झाली नाही की बहुतेक जण दोनपैकी एक काहीतरी करतात. एकतर बॅटरी पार बसेपर्यंत सेल्फ मारत राहतात, नाहीतर नवी बॅटरी आणून बसवतात. पहिल्या प्रकारात चांगली बॅटरीही उतरते आणि सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) तापतो. दुसऱ्या प्रकारात पैसे जातात आणि दोष होता तिथेच राहतो. दोष शोधणं अवघड नाही, पण त्याला क्रम आहे. आधी काय होतंय ते ओळखायचं, मग मोजायचं, आणि भाग बदलायचा तो सगळ्यात शेवटी.

खाली दिलेलं सगळं १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणाऱ्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांसाठी आहे. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी रंगाच्या जाड केबलना हात लावायचा नाही. तिथे गाडीच्या पुस्तिकेत जेवढं सांगितलंय तेवढंच करा.

## तयारी

डिजिटल मल्टिमीटर, टॉर्च, १० नंबरचा पाना, तारेचा ब्रश किंवा पॉलिश पेपर, हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि गाडीची पुस्तिका एवढं जवळ घ्या. जंपर केबल असेल तर उत्तम. पुस्तिका लागतेच, कारण कोणता फ्यूज आणि कोणता रिले (विजेवर चालणारा स्विच) कशाचा हे त्यातच असतं. चावी फिरवायला एक माणूसही हवा. एकट्याने बॉनेटखाली एक हात आणि चावीवर दुसरा हात अशी कसरत करू नका.

गाडी सपाट जागी उभी करा. हँडब्रेक ओढा, गियर न्यूट्रलला किंवा ऑटोमॅटिक असेल तर पी वर ठेवा. अंगठी, घड्याळ, कडं काढून ठेवा. पाना किंवा अंगठी बॅटरीचा प्लस पोल आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये अडकली तर क्षणात लालबुंद होते. बॅटरीतून हायड्रोजन वायू सुटू शकतो, म्हणून जवळ काडी, सिगारेट, लायटर नको.

आधी हे बघा: पुढच्या परिस्थितीत चावी फिरवूच नका.

- गाडी पाण्यात उभी होती किंवा पाण्यातून जाताना बंद पडली. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एका सेल्फमध्ये इंजिन उघडण्याची वेळ येते.
- टाकीत चुकीचं इंधन भरलं गेलं. नुसती चावी ऑन केली तरी पंप ते पुढे ढकलू शकतो. टाकी रिकामी करून घ्यायची, मगच पुढचं.
- चालत्या गाडीत खाडकन आवाज होऊन इंजिन बंद पडलं, किंवा बंद पडण्याआधी ऑइलचा लाल दिवा लागला होता.
- गाडीखाली इंधन टपकतंय किंवा पेट्रोलचा उग्र वास येतोय.

## टप्पा १: नेमकं काय होतंय ते ओळखा

आधी चावी फक्त ऑन करा आणि डॅशबोर्ड बघा. दिवे लागले का? मंद आहेत की स्वच्छ? मग हेडलाइट लावा, समोर भिंत असेल तर तिच्यावर पडणारा उजेड बघत दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. एकदाच. या एका प्रयत्नात दोष कोणत्या बाजूला आहे ते बहुतेक वेळा कळतं.

काहीच आवाज नाही, दिवेही नाहीत. बॅटरी पूर्ण उतरलेली, टर्मिनल सुटलेलं किंवा मुख्य फ्यूज गेलेला. टप्पा २.

कट-कट-कट असा जलद आवाज, दिवे मंदावतात. सेल्फवरचा सोलेनॉइड (सेल्फला जाड करंट जोडून देणारा स्विच) ओढला जातोय, पण सेल्फ फिरवायला करंट पुरत नाही. बॅटरी उतरलेली आहे किंवा जोडणी खराब आहे. टप्पा २.

दिवे चांगले होते आणि सेल्फ मारताच एकदम विझले. बॅटरीआधी टर्मिनलचा संशय घ्या. टप्पा २.

एकच मोठा ‘खट्’, दिवे फारसे मंदावत नाहीत. सेल्फच्या आतला किंवा जाड केबलचा दोष. टप्पा ३. त्याच आवाजाबरोबर दिवे खूप मंदावले, तर आधी टप्पा २ करा. बॅटरी ठणठणीत निघाली तर सेल्फ किंवा खुद्द इंजिन जॅम झाल्याची शंका धरा.

दिवे झगझगीत, पण सेल्फचा आवाजच नाही. सेल्फपर्यंत हुकूम पोहोचत नाही. टप्पा ३.

इंजिन नेहमीच्या वेगाने फिरतंय, पण पकडत नाही. बॅटरी आणि सेल्फ दोन्ही ठीक आहेत. तिथे वेळ घालवू नका, थेट टप्पा ४ ला जा.

पकडतं आणि लगेच बंद पडतं. टप्पा ५.

सूचना: सेल्फ एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि दोन प्रयत्नांमध्ये निदान अर्धा-एक मिनिट जाऊ द्या. सेल्फची मोटर थोड्या वेळासाठी प्रचंड करंट घेते. ती सतत चालायला बनवलेलीच नसते.

## टप्पा २: बॅटरी आणि टर्मिनल

सगळ्यात जास्त गाड्या इथेच अडकतात आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून इथे घाई नको.

२.१ उभ्या बॅटरीचं व्होल्टेज. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या २० च्या रेंजवर ठेवा. गाडी नुकतीच चालली किंवा चार्ज झाली असेल तर हेडलाइट मिनिटभर लावून बंद करा आणि थोडं थांबा, नाहीतर मीटर खोटा वरचा आकडा दाखवतो. प्रोब (मीटरच्या वायरींची टोकं) क्लॅम्पवर, म्हणजे केबलच्या टोकाच्या पट्ट्यावर, न टेकवता बॅटरीच्या शिशाच्या पोलवर टेकवा. साध्या लेड-ॲसिड बॅटरीत १२.६ च्या आसपास म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी आणि १२.० च्या खाली म्हणजे उतरलेली. चार्ज करूनही आकडा १०.५ च्या आसपास अडकत असेल तर सहांपैकी एक सेल मेलाय. अशी बॅटरी परत उभी राहत नाही.

२.२ सेल्फ मारताना व्होल्टेज. प्रोब तसेच धरा आणि मदतनीसाला सेल्फ मारायला सांगा. आकडा खाली येणारच, पण साधारण हवामानात तो ९.६ च्या खाली जायला नको. १२.६ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ७ वर आली तर ती नावालाच भरलेली आहे. दिवे आणि हॉर्न चालतात म्हणून बॅटरी चांगली असं समजणारे फसतात ते इथेच. दिव्यांना लागतात मोजके अँपिअर, सेल्फला लागतात शंभराच्या वर.

२.३ टर्मिनल. नुसतं बघून ‘स्वच्छ दिसतंय’ म्हणू नका. क्लॅम्प हाताने धरून पिळा. पान्याशिवाय तो जरासाही हलला तर सैल आहे. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर दोष सांगायलाच नको, पण खरा त्रास देतो तो न दिसणारा थर. क्लॅम्प काढून आतली बाजू टॉर्चने बघा. चांगलं शिसं घासल्यावर चमकतं. करंट अडवणारं शिसं काळपट-राखाडी, पाटीसारखं मंद दिसतं आणि वरून क्लॅम्प कितीही घट्ट असला तरी आतला थर तसाच राहतो.

क्लॅम्प न काढताही हे मोजता येतं. एक प्रोब शिशाच्या पोलवर आणि दुसरा त्याच पोलच्या क्लॅम्पवर ठेवून सेल्फ मारा. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. नवी बॅटरी बसवूनही सकाळी कट-कट करणारी एक गाडी मी तपासली होती. प्लसच्या पोल आणि क्लॅम्पमध्ये सेल्फ मारताना ४ व्होल्टच्या वर आले. दोन मिलिमीटरच्या जोडात ४ व्होल्ट जिरत होते, सेल्फला जाणार काय? पोल आणि क्लॅम्पची आतली बाजू चमकेपर्यंत घासली, परत आवळली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. जुनी बॅटरी विनाकारण काढून टाकली गेली होती.

साफ करताना आधी मायनस काढा, मग प्लस. लावताना आधी प्लस, मग मायनस. मायनस आधी काढला की नंतर पाना चुकून बॉडीला लागला तरी शॉर्ट होत नाही.

२.४ अर्थिंग. हे जवळजवळ सगळे विसरतात. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि इंजिनाला जाणारी जाड पट्टी गंजली किंवा तुटत आली की प्लसची बाजू कितीही चांगली असून उपयोग नाही. एक प्रोब मायनस पोलवर, दुसरा इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारा. ०.२ ते ०.३ व्होल्टपर्यंत ठीक. त्याहून जास्त आले तर पट्टीची दोन्ही टोकं काढून घासा. तसंच प्लस पोलपासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत मोजलं तर साधारण ०.५ व्होल्टच्या आत यायला हवं.

२.५ जंप स्टार्ट करायचं असेल तर. दोन्ही बॅटऱ्या १२ व्होल्टच्याच हव्यात. ट्रकच्या २४ व्होल्टवरून कार जोडू नका. गोठलेली, फुगलेली किंवा तडा गेलेली बॅटरी जोडायची नाही. क्रम असा:

1. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला.
2. लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
3. काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
4. काळ्या केबलचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब.

शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते. ती बॅटरीजवळ उडू नये म्हणून चौथी पायरी अशी आहे. लोक इथेच आळस करतात आणि मायनसवरच केबल लावतात. चांगली गाडी काही मिनिटं चालू ठेवा, मग बंद गाडीला सेल्फ मारा. सुरू झाल्यावर केबल उलट क्रमाने काढा.

तपासा: जंप दिल्यावर जोमात सुरू झाली तर दोष बॅटरीत, टर्मिनलमध्ये किंवा चार्जिंगमध्ये आहे. तिन्हींपैकी कशात, ते टप्पा ६ मध्ये ठरेल. जंप देऊनही नुसतं ‘खट्’ झालं तर पुढे चला.

धक्का मारून सुरू करणं फक्त मॅन्युअल गियरच्या गाडीत चालतं. बॅटरी अगदीच शून्य असेल तर तेही नाही, कारण इंधनाचा पंप आणि ईसीयू (इंजिनाचा कंप्युटर) दोन्ही विजेवर चालतात. धक्का देताना चावी ऑन हवी, नाहीतर स्टिअरिंग लॉक होईल. इंजिन बंद असताना ब्रेक आणि स्टिअरिंग जड लागतात, म्हणून उतारावर हा प्रयोग नको.

## टप्पा ३: बॅटरी ठीक, तरी इंजिन फिरत नाही

आधी साध्या गोष्टी बघा. ऑटोमॅटिक गाडी पी मध्ये सुरू होत नसेल तर ब्रेक दाबून एन मध्ये घ्या आणि परत बघा. एन मध्ये सुरू झाली तर गियरचा सेफ्टी स्विच. मॅन्युअल गाडीत क्लच अगदी तळापर्यंत दाबा, पायाखालची मॅट आड येत नाही ना ते बघा. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत ब्रेक दाबल्याशिवाय सेल्फ लागतच नाही, आणि ब्रेकचा स्विच बिघडला की गाडीला ब्रेक दाबल्याचं कळत नाही. मागचे ब्रेक लाइट लागतात का, यावरून ते कळतं. रिमोटची बॅटरी उतरली असेल तर पुस्तिकेत दाखवलेल्या जागी रिमोट टेकवून बटण दाबा.

मग फ्यूज. काढून उजेडात बघण्यापेक्षा जागेवरच, एक प्रोब बॉडीला धरून दुसऱ्याने त्याच्या डोक्यावरच्या दोन उघड्या धातूच्या टिंबांवर आलटून पालटून व्होल्टेज मोजा. दोन्हीकडे १२ आले तर फ्यूज चांगला. एकीकडेच आले तर गेला. तो फ्यूज फक्त सेल्फ मारताना जिवंत होत असेल तर तेव्हाच मोजा. नवा टाकताना त्याच अँपिअरचा टाका. तोही लगेच गेला तर वायरिंगमध्ये शॉर्ट आहे. मोठ्या अँपिअरचा टाकला तर वायर जळेल.

स्टार्टरचा रिले तपासायची सोपी रीत: फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले, बऱ्याचदा हॉर्नचा, असतो. अदलाबदल करून बघा. नंबर आणि पिना तंतोतंत जुळत असतील तरच.

आता सेल्फवरची बारीक वायर, म्हणजे चावीकडून सोलेनॉइडला हुकूम आणणारी. मदतनीस सेल्फ मारत असताना तिच्यावर बॅटरीच्या जवळपासचं व्होल्टेज यायला हवं. आलं, जाड बोल्टवरही व्होल्टेज टिकून आहे, अर्थिंग ठीक आहे आणि सेल्फ तरी फिरत नाही, तर दोष सेल्फमध्येच. बारीक वायरवर काहीच आलं नाही तर सेल्फ खोलू नका. दोष आधीच्या रस्त्यावर आहे: रिले, क्लच किंवा गियरचा स्विच, इग्निशन स्विच, नाहीतर इमोबिलायझर (चावी ओळखता आली नाही तर गाडी सुरू होऊ न देणारी चोरीविरोधी यंत्रणा).

सेल्फवर लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर तो फिरला तर त्यातले कार्बन ब्रश बहुधा झिजलेत. घरी पोहोचायला ही युक्ती चालेल. उद्याचा भरवसा नाही.

सूचना: सेल्फ चांगला असून ‘खट्’ होऊन इंजिन हलतच नसेल तर जबरदस्ती थांबवा. मायनस काढून, गियर न्यूट्रलला ठेवून क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने इंजिन फिरण्याच्या दिशेने फिरवून बघा. तिथेही दगड लागल्यासारखं वाटलं तर इंजिन आतून जॅम आहे. पुढचं काम गॅरेजचं.

## टप्पा ४: इंजिन फिरतं, पण पकडत नाही

इथे आधी कान द्या. इंजिन नेहमीपेक्षा भरभर, एकसारखं, विनाअडथळा फिरत असेल तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता धरा आणि थांबा. बऱ्याच इंजिनांत अशा वेळी पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. नेहमीची ‘हं-हं-हं’ अशी लय असेल तर पुढे चला.

४.१ इमोबिलायझर. डॅशबोर्डवर चावीचा किंवा कुलुपाचा दिवा लुकलुकतोय का? दुसरी चावी वापरून बघा. जुडग्यात दुसऱ्या गाडीची चिप असलेली चावी असेल तर ती वेगळी करा.

४.२ इंधन. काट्यावर विश्वास ठेवू नका. चढावर उभ्या गाडीत टाकीच्या तळाशी असलेलं इंधन पंपापासून दूर जातं आणि काटाही चुकतो. मग चावी ऑन करून टाकीकडे कान द्या. बहुतेक पेट्रोल इंजेक्शन गाड्यांत दोनेक सेकंद पंपाचा ‘झूं’ आवाज येतो. काही गाड्यांत तो दार उघडतानाच येतो. आवाज नसेल तर पंपाचा फ्यूज, मग रिले. काही गाड्यांत धडक बसली की इंधन तोडणारा स्विच असतो, तोही बघा. टाकीखाली मुठीने ठोकल्यावर पंप चालू झाला तर त्याचे दिवस भरत आलेत. आवाज आला म्हणजे प्रेशर आहे असं मात्र नाही, ते गेजनेच कळतं.

४.३ स्पार्क. एक प्लग काढून बघा. ओला आणि वास मारणारा असेल तर पेट्रोल पोहोचतंय, पण पेटत नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. एवढ्या एका गोष्टीवरून अर्धी तपासणी वाचते. ठिणगी बघायला प्लग हातात धरून बॉडीला टेकवू नका. तिथे हजारो व्होल्ट असतात आणि उघड्या प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. स्पार्क टेस्टर वापरा.

सगळे प्लग ओले असतील तर इंजिन फ्लड झालंय, म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल साचलंय. ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरा आणि काही सेकंद सेल्फ मारा. बहुतेक इंजेक्शन गाड्यांत तेवढ्या वेळेपुरतं पेट्रोल तोडलं जातं आणि हवा आतला ओलावा बाहेर काढते. पकडताच पाय काढा. लोक याच्या उलट करतात, पॅडल पंप करत राहतात.

४.४ क्रँक सेन्सर. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा किंचितही हलत नाही, स्पार्कही नाही आणि पंपही गप्प, तर क्रँकशाफ्टचा सेन्सर (इंजिन फिरतंय हे ईसीयूला सांगणारा) संशयित. स्कॅनर (ईसीयूमधली माहिती वाचणारं यंत्र) असेल तर सेल्फ मारताना आरपीएम वाचा. इंजिन फिरतंय आणि स्कॅनर शून्य म्हणतोय, म्हणजे खात्रीच पटत आली. आधी सेन्सरचं कनेक्टर काढून घासून परत बसवा, मग सेन्सर बदलायचा विचार करा.

४.५ डिझेल असेल तर. चावी ऑन केल्यावर गुंडाळीच्या चिन्हाचा दिवा विझेपर्यंत थांबा. थंडीत न थांबता सेल्फ मारला तर हीटर प्लगना (सिलिंडर आधी तापवणाऱ्या प्लगना) तापायला वेळच मिळत नाही. टाकी कोरडी पडली होती किंवा फिल्टर नुकताच बदलला असेल तर लाइनमध्ये एअर धरली आहे. फिल्टरवरचा हॅन्ड पंप घट्ट लागेपर्यंत दाबा, मग सेल्फ मारा. फिल्टरच्या तळाचा पाण्याचा बोल्ट असेल तर पाणी काढून टाका.

सूचना: कॉमन रेल डिझेलचे (एकाच सामायिक नळीतून सगळ्या इंजेक्टरना जास्त दाबाचं डिझेल देणाऱ्या इंजिनाचे) इंजेक्टरचे पाइप ढिले करून एअर काढायची जुनी रीत वापरू नका. तिथे प्रेशर हजार बारच्या वर जातं आणि बारीक फवाराही कातडी भेदून आत शिरतो. हीटर प्लग असलेल्या इंजिनात स्टार्टिंग स्प्रेही मारायचा नाही.

## टप्पा ५: पकडतं आणि बंद पडतं

दरवेळी एक-दोन सेकंदांत, अगदी ठरल्यासारखी बंद पडत असेल तर पुन्हा इमोबिलायझर बघा. ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरल्यावर चालत राहते आणि सोडल्यावर बंद पडते, तर थ्रॉटल बॉडीत (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या भागात) काजळी साचली आहे किंवा आयडल व्हॉल्व्ह (पाय सोडल्यावर इंजिन चालू ठेवणारी हवा देणारा) अडकलाय. फिल्टरनंतरचा हवेचा पाइप कुठे निसटलाय का तेही हाताने चाचपा. गाडी तापली की बंद पडते आणि अर्ध्या तासाने थंड झाल्यावर मुकाट सुरू होते, तर क्रँक सेन्सर किंवा इंधन पंप. हा दोष गाडी तापलेली असतानाच पकडावा लागतो. थंड झाल्यावर सगळी मोजमापं बरोबर येतात.

दुचाकीवाल्यांनी यातलं काहीही करण्याआधी किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, क्लच आणि पेट्रोलचा कॉक बघावा. किकने सुरू होते आणि सेल्फने नाही, तर टप्पा २ आणि ३. टाकीचं झाकण उघडल्यावर सुरू होते, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय.

## टप्पा ६: सुरू झाली, आता का उतरली ते शोधा

इंजिन चालू असताना बॅटरीच्या पोलवर मोजा. साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. काही नव्या गाड्यांत अल्टरनेटर मुद्दाम कमी-जास्त चार्ज करतो, तिथे हेडलाइट आणि ब्लोअर लावून मोजा. तरीही आकडा १२ च्या घरातच घुटमळला तर बेल्ट आणि अल्टरनेटर बघा. चार्जिंग चालू आहे की नाही ते बघायला चालत्या इंजिनात बॅटरीचा क्लॅम्प काढायची सवय अजून दिसते. ती सोडा, त्याने ईसीयू आणि अल्टरनेटर दोन्ही जाऊ शकतात.

चार्जिंग ठीक असून बॅटरी रात्रीतून उतरत असेल तर बंद गाडीत कुठेतरी करंट गळतोय. सगळं बंद करा, चावी लांब ठेवा, मायनस क्लॅम्प काढून क्लॅम्प आणि पोल यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या भोकातून जोडा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. गाडीतले कंट्रोलर झोपायला २० मिनिटं ते तासभर घेतात, तोवर येणारा आकडा धरायचा नाही. दार उघडलं की ते परत जागे होतात, म्हणून आधीच दाराचं लॅच पेचकसाने बंद करून ठेवा. शेवटी साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवं.

जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा खाली आला, त्या लाइनवर दोष. बाहेरून बसवलेला म्युझिक सिस्टिम किंवा ट्रॅकर असेल तर पहिला संशय त्याच्यावर घ्या. सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही, तर मीटर आणि मायनस दोन्ही सोडवा, अल्टरनेटरची जाड वायर काढून तिचं टोक टेपने गुंडाळा आणि पुन्हा मोजा. आता आकडा पडला तर अल्टरनेटरमधला डायोड गळतोय.